रात्री घरात किती जण झोपतात?

डिसेंबर २०१७. बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात, कुतुपालोंग-बालूखालीच्या टेकड्यांवरच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत घटसर्पाची (डिप्थीरियाची) साथ ऐन भरात होती. आमचं उपचार केंद्र म्हणजे बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री आणि खाली विटा अंथरलेली जमीन. माझ्याकडे काम होतं रुग्णांच्या सहवासातल्या लोकांचा माग काढण्याचं. गेल्या पाच रात्रींत रुग्णाबरोबर एका छपराखाली झोपलेलं प्रत्येक माणूस त्याच दिवशी शोधायचं, त्याचा घसा बघायचा, प्रतिजैविक सुरू करायचं, लस टोचायची. ऐकायला कारकुनी वाटतं. पण खाटेवरचे उपचार एका रुग्णाला वाचवतात. पुढचे पाच येऊ नयेत यासाठी ही कारकुनीच लागते.

घटसर्प हा शब्द आपल्याकडे आजीच्या पिढीला पाठ. पुढे लहानपणीच त्रिगुणी लस मिळू लागली आणि तरुण डॉक्टरांना हा आजार पुस्तकातच भेटू लागला. केंद्रातल्या निम्म्या डॉक्टरांनी पहिला घटसर्प इथेच पाहिला होता. रोहिंग्या म्यानमारच्या राखाइन प्रांतातून आलेले. तिथे एका गावातून दुसऱ्या गावात जायलाही परवाना लागे, दवाखाना दूर, लसीकरण नावापुरतं. २५ ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराने गावं जाळायला सुरुवात केली आणि डिसेंबरपर्यंत सहा लाखांहून जास्त माणसं नाफ नदी नाहीतर डोंगर ओलांडून इकडे आली. लस न मिळालेली इतकी मुलं, एकाला एक चिकटलेल्या झोपड्या, प्रत्येकीत पाच-सात जण. जंतूला आणखी काय हवं? नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिले रुग्ण दिसले. साथ संपेपर्यंत संशयित रुग्णांचा आकडा आठ हजारांच्या वर गेला.

त्या दिवशी सकाळी साडेआठला दोघं जण खांद्यावर कावड घेऊन टेकडी चढून आले. बांबूला चादर बांधलेली, चादरीत सहा-सात वर्षांचा मुलगा. म्हाताऱ्यांना डोंगरापलीकडून आणलं तेही असंच. कावडीचा बांबू खांद्याच्या जागी घासून गुळगुळीत झाला होता. ताप बेताचाच, पण घोट गिळवत नव्हता. तोंड उघडल्यावर उजव्या टॉन्सिलवर करडा-पांढरा पडदा दिसला, ओल्या कातडीच्या तुकड्यासारखा. साध्या घसादुखीतला पू कापसाने पुसला जातो. हा पुसला जात नाही, ओढला तर खालून रक्त येतं. म्हणून ओढायचा नसतो. श्वास घेताना घरघर येत असेल तर चमचा घालून घसा बघण्याचा हट्टही करायचा नाही, कारण मूल रडलं की आधीच अरुंद झालेली वाट पूर्ण बंद होऊ शकते. या मुलाला घरघर नव्हती. आजाराचा दुसरा दिवस, पडदा घशापुरताच, मान सुजलेली नाही.

अशा रुग्णाला प्रतिविष, म्हणजे जंतूने सोडलेलं विष निकामी करणारं औषध, द्यायचं ते २०,००० युनिट, म्हणजे १०,०००च्या दोन बाटल्या. ही मात्रा वयावर किंवा वजनावर ठरत नाही. शरीरात विष किती पसरलंय त्यावर ठरते, म्हणून लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला सारखीच. पेशींना चिकटलेलं विष प्रतिविषाने सुटत नाही, रक्तात मोकळं फिरणारं तेवढं निकामी होतं. उशीर झाला की विष हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत पोचलेलं असतं. घसा बरा झालेलं मूल दुसऱ्या आठवड्यात हृदय बंद पडून जाऊ शकतं. सर्पदंशावरचं औषध जसं घोड्याच्या रक्तातून काढतात, तसंच हेही. त्या औषधासाठी घोडे पाळणारं नारायणगाव मराठी वाचकाला ठाऊक असेल. घटसर्प विरळ झाला म्हणून जगात हे प्रतिविष बनवणारे मोजकेच राहिले होते, आणि अचानक हजारो बाटल्या लागल्या. रोज सकाळी शीतपेटी उघडून बाटल्या मोजायच्या आणि त्यावर दिवस काढायचा. त्या सकाळी चौदा होत्या.

घोड्याचं प्रथिन म्हणजे ॲलर्जीची भीती. आधी ०.१ मिली कातडीखाली, पंधरा मिनिटं थांबायचं. काही झालं नाही तर ०.२५ मिली, पुन्हा पंधरा मिनिटं. मग उरलेलं सलाईनमध्ये मिसळून दोन ते चार तासांत हळूहळू. उशाशी ॲड्रेनलिन भरलेली सिरिंज तयार ठेवायची, किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे वीस किलोच्या मुलाला ०.२. एका रुग्णापाशी एक नर्स, आणि सलाईन संपेपर्यंत तिने उठायचं नाही.

मुलाचं सलाईन सुरू झालं आणि आम्ही आईला नेहमीचा प्रश्न विचारला: रात्री घरात किती जण झोपतात?

दुभाषी चाटगावची होती. तिची बोली आणि रोहिंग्या बोली एकमेकींना बऱ्यापैकी कळतात. आई म्हणाली, "चार." ती, हा मुलगा, धाकटी मुलगी आणि सासू. शिधापत्रावरही चारच. पथकाने चौघांपुरती औषधं घेतली.

घोटाळा इथे झाला, आणि तो आमच्या प्रश्नामुळे. राखाइनमध्ये हाच प्रश्न शिपाई विचारत. प्रत्येक घराची यादी असे आणि ती तपासायला ते रात्री-अपरात्री येत. यादीतलं माणूस घरात नसलं तर नाव काटलं जाण्याची भीती, यादीबाहेरचं सापडलं तर दंड किंवा तुरुंग. पाहुणा मुक्कामाला ठेवायचा तर आधी कळवावं लागे. माँगडॉ आणि बुथिडाँग या भागांत रोहिंग्या जोडप्यांना दोनच मुलांची परवानगी होती. तिसरं मूल तपासणीच्या वेळी शेजाऱ्याकडे लपवत, नाहीतर सासूच्या नावावर लावत. "घरात किती जण?" या प्रश्नाला यादीतला आकडाच सांगायचा, हे त्या बाईला लहानपणापासून माहीत होतं. खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या लेखी तेच उत्तर होतं.

माझं मत असं की नोंदीच्या तक्त्यात हा प्रश्न पहिला छापणाऱ्याने राखाइनबद्दल काही वाचलेलं नव्हतं. पण तो तक्ता महिनाभर मीही वापरत होतो.

साडेदहाला पथकाबरोबर निघालो. एक नर्स, दुभाषी आणि वस्तीतलाच एक रोहिंग्या स्वयंसेवक. वस्तीच्या मुकादमाला इथे 'माझी' म्हणतात. मराठी कानाला सुरुवातीचे दोन दिवस हे फार मजेशीर लागतं. माझीला सांगितल्याशिवाय कुणाच्या झोपडीत जायचं नाही हा नियम. पण माझीला बरोबर आत न्यायचं की नाही, हे दर वेळी ठरवावं लागतं. शिध्याच्या याद्यांवर त्याची नजर असते, त्याच्यासमोर यादीबाहेरचं माणूस कुणी दाखवत नाही. त्या दिवशी त्याला बाहेरच चहावर बसवलं.

झोपडी साधारण दहा फूट बाय बारा. सासू दारात. आत चूल, तांदळाचं पोतं, आणि भिंतीला टेकवून गुंडाळलेल्या चटया. नर्सने सवयीने चटया मोजायला मान वळवली आणि म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला. चटया, ताटल्या, चपला मोजून माणसांचा अंदाज घेण्याची युक्ती वाईट नाही, फक्त शिपायांनी ती आधीच वापरून ठेवली होती. दुभाषीने नर्सचा हात धरून तिला खाली बसवलं.

मग आम्ही काम उलट्या बाजूने धरलं. प्रश्न नाही, कागद नाही. औषधाची पिशवी उघडून मध्ये ठेवली. दुभाषी म्हणाली, "नानी, तुमच्या नातवाचा आजार श्वासावाटे शेजारच्याला जातो. लागण झाल्यावर दोन ते पाच दिवसांत घसा धरतो. हे औषध आधी घेतलं तर बहुतेक धरत नाही. नाव सांगायची गरज नाही. किती जणांचं ठेवू?"

म्हातारीने बराच वेळ पिशवीकडे पाहिलं. मग बोटं दुमडून मोजायला लागली. अकरा.

चारचे अकरा झाले ते असे: जळालेल्या गावातून निसटलेली नणंद आणि तिची तीन मुलं, त्यांचं शिधापत्र दुसऱ्याच वस्तीतलं, सासूचा बहिरा झालेला भाऊ, वाटेत बरोबर लागलेला एक तरुण, जो दिवसा मजुरीला जाई आणि फक्त झोपायला येई. आणि ताडपत्रीच्या आडोशामागे एक मुलगी. आठेक वर्षांची. या घरातली कुणीच नव्हे. नदीकाठी एकटी बसलेली सापडली, होडीत जागा होती म्हणून घेतली. अनाथांच्या यादीत नाव गेलं तर तिला कुठेतरी घेऊन जातील, ही धास्ती. म्हणून ती कुठल्याच यादीत नव्हती.

आजारी मुलाआधी तीच आजारी होती. चौथा दिवस. जबड्यापासून गळपट्टीपर्यंत मान एकसारखी सुजलेली, नाकातून रक्ताळलेलं पाणी, तोंडाला तो सडका गोडसर वास, जो एकदा ओळखला की झोपडीच्या दारातच येतो. पडदा दोन्ही टॉन्सिलवरून मागे पडजिभेपर्यंत. नाडी १४०, ताप मात्र जेमतेम. तापाच्या मानाने नाडी अशी पळाली की हृदयाची काळजी करायची.

तिची मात्रा ८०,००० युनिट. आठ बाटल्या.

दोन दिवस आधी सापडली असती तर बहुधा दोनच लागल्या असत्या. शीतपेटीत मुलाच्या दोन गेल्यावर बारा होत्या. हिच्या आठ गेल्या की चार, आणि दुपारचे रुग्ण अजून यायचे होते.

तिला आडवं न करता, बसल्या अवस्थेत, त्याच कावडीतून आणलं. ०.१ मिलीला काही झालं नाही. ०.२५ नंतर दहाव्या मिनिटाला पोटावर गांधी उठल्या. श्वास, रक्तदाब ठीक. प्रतिविष थांबवलं, अँटिहिस्टामाइन दिलं, अर्धा तास वाट पाहिली. डॉक्टरांनी दुसरं मत घेतलं आणि ठरवलं की पुढे जायचं, पण चार तासांत, अगदी थेंब-थेंब. या आजारात ॲलर्जीवर इलाज आहे. पेशीत शिरलेल्या विषावर नाही. दुसऱ्या हाताला पेनिसिलिन सुरू. दोन्ही मुलांच्या घशाचे नमुने ढाक्याला रवाना झाले, पण त्यांच्या निकालाची वाट बघत उपचार थांबवायचे नसतात.

तेवढ्यात नवी अडचण. एका रुग्णाजवळ एकच सोबती, हा केंद्राचा नियम. आई मुलाजवळ होती. मुलीच्या कागदावर 'सोबती' आणि 'रुग्णाशी नातं' हे दोन रकाने रिकामे. ते रिकामे असले की एकट्या मुलांची नोंद घेणाऱ्या पथकाला कळवावं लागतं, आणि त्याच भीतीने तर तिला चार दिवस लपवलं होतं. त्या पथकाची बाई आली. तिने समजुतीने सांगितलं की नोंद झाली म्हणून मूल उचलून नेत नाहीत, सांभाळणारं घर चांगलं असेल तर तिथेच ठेवतात. आईने तिचं ऐकून घेतलं. मग काही न बोलता आपलं बसायचं फळकुट उचललं आणि दोन खाटांच्या मधल्या मीटरभर जागेत नेऊन ठेवलं. नातं या रकान्यात दुभाषीने विचारून लिहिलं: 'होडीतली'.

झोपडीत राहिलेल्यांचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. नावांऐवजी क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या, आकड्याबरोबर चंद्र, मासा, छत्री अशी चित्रं. सात वर्षांखालच्यांना पंचगुणी लस, त्यावरच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची. नणंदेच्या मधल्या मुलाचा घसा लाल होता, पडदा नव्हता. त्याला उद्या सकाळी आधी बघायचं म्हणून खूण केली. मजुरीला गेलेला तरुण अंधार पडल्यावर आला, त्याची गोळी म्हातारीने पदरात बांधून ठेवली होती. सात दिवस रोज सगळ्यांचे घसे बघायचे ठरले.

मुलीचं सलाईन रात्री आठला संपलं. नाडी १२४. पुढचे दोन आठवडे तिला खाटेवरून उतरू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथक चिठ्ठ्या तपासून परत आलं. स्वयंसेवकाने वही माझ्यापुढे ठेवली. अकराच्या पुढे त्याने स्वतःच रेघ मारून खाली एक ओळ वाढवली होती, चित्र होतं कंदिलाचं. म्हातारीने सकाळी दारातच सांगितलं होतं: आणखी एकाचं ठेवा.