साधेपणाची सुरुवात माठापासून

साधं राहायचं ठरलं की लोक आधी कपाट रिकामं करायला घेतात. मला वाटतं, त्याआधी घरात अशी एक वस्तू आणावी जिचं काम कसं चालतं ते पूर्ण समजतं आणि जिची निगा आपल्याच हातांनी राखता येते. उन्हाळ्यात ती वस्तू म्हणजे माठ. रोज थोडा वेळ दिला की विजेशिवाय गार पाणी मिळतं, आणि आपलं किती थोडक्यात भागतं हे कळून जिवाला खरंच बरं वाटतं.

घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. ऑइलपेंटची नक्षी किंवा चकचकीत लेप असलेला माठ कितीही देखणा असो, नको. मातीची छिद्रं बुजली की पाणी बाहेर झिरपत नाही. सगळी करामत त्या ओलसर अंगाची आहे: झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. दहा लिटरांतलं जेमतेम १०० मिलिलिटर उडालं, तरी उरलेलं पाणी पाच-सहा अंशांनी उतरेल इतकी उष्णता त्याबरोबर जाते. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा त्यातली थोडी परत देते, म्हणून माठ सावलीत, वारा खेळेल अशा जागी, तिवईवर हवा. ओट्यावर शेगडीशेजारी ठेवलेला माठ गार करत नाही, यात त्याचा दोष नाही.

विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात, ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना, पाणी २२-२३ अंशांच्या आसपास जाऊ शकतं. कोकणात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत ते २८ च्या खाली उतरायचं नाही. तिथे फ्रिजशी तुलना करून हिरमुसू नका.

नवा माठ काठोकाठ भरून २४ तास ठेवा, पाणी फेकून द्या, असं दोन-तीनदा करा. मातीचा उग्र वास जातो. बाहेरून सगळीकडे सारखा ओलावा दिसला तर उत्तम; एकाच जागी थेंब धरत असेल तर चीर आहे, बदलून घ्या.

साबण कधीही लावू नका, माती तो शोषून घेते आणि पुढे पाण्याला वास येतो. आत हात फिरवून बुळबुळीत लागलं की काथ्याने घासायचं. आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, घासून, उन्हात वाळवायचा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. झाकण घट्ट हवं, पाणी ओगराळ्याने काढायचं, पेला बुडवायचा नाही. माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. तेव्हा गाळलेलं, उकळून पूर्ण निवलेलंच भरा.

भरायचा रात्री. दुपारी संपला म्हणून भर घातली की सगळं पाणी कोमट होतं. चौघांच्या घरात म्हणून बारा लिटरांचा एकच मोठा माठ ठेवण्यापेक्षा दोन लहान आलटून-पालटून वापरणं बरं.

बोअरचं जड पाणी असेल तर हंगामाच्या शेवटी बाहेर पांढरे क्षार बसतात आणि गारवा कमी होतो. पातळ लिंबूपाण्याने बाहेरून घासून बघा. तरीही जमलं नाही तर तो माठ झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. क्षारांनी पुरता बुजला नसेल तर मुळांना हळूहळू ओल मिळत राहते.