व्हिडिओ खरा, मजकूर खोटा

रस्त्यावर पोरं खेळतायत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि सुसाट निघून जातात. २०१८ साली हा व्हिडिओ 'मुलं पळवणारी टोळी आलीय' अशा मजकुरासह देशभर फिरला. मुळात तो कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेचा. मूळ व्हिडिओत तेच दोघं मागे फिरतात, पोराला आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढा शेवट कापला.

टोळीच्या याच अफवेपायी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती.

म्हणून 'व्हिडिओ खरा आहे का?' एवढंच विचारून भागत नाही. कुठला, कधीचा आणि अख्खा आहे का, हे शोधावं लागतं.

दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश दिसेल तिथे व्हिडिओ थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या. वर चिकटवलेला मजकूर कापून टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांमागेच धावतो. मग ते स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगलच्या सोयीत, टाका. काहीच सापडलं नाही, तर पाटीवरची अक्षरं उलटी आहेत का पाहा. पकडलं जाऊ नये म्हणून व्हिडिओ आरशासारखा उलटवलेला असतो. स्क्रीनशॉट सुलटा करून पुन्हा शोधा. दहा ठिकाणी तीच बातमी दिसली म्हणून दहा साक्षीदार मिळाले असं नाही, बहुतेकांनी एकमेकांचंच उचललेलं असतं. सगळ्यात जुनी तारीख गाठा. फोटोवरूनच शोध घेणाऱ्या टिनआय या साइटवर जुनं आधी लावता येतं.

फोटोच्या 'डिटेल्स'मधली तारीख हा पुरावा समजू नका. इथे भलेभले फसतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली मूळ माहिती गळून जाते. दिसते ती बहुधा तुमच्या फोनमध्ये तो उतरला त्या दिवसाची.

व्हॉट्सॲप मेसेजवर फॉरवर्डच्या दोन बाणांची खूण असेल तर मेसेज किमान पाच हात फिरून आलाय. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. पण मजकूर कॉपी करून पेस्ट केला की खूण पुसली जाते, तेव्हा बाण नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका.

मूळ व्हिडिओ सापडला की ग्रुपवर त्याच मेसेजला रिप्लाय करून लिंक द्या. वेगळा मेसेज टाकलात तर तो तासाभरात शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो आणि खोटा मजकूर पुढे जातच राहतो.