रालामंडलची हिरवी भुकटी

रालामंडलला लोक टेकडीवरचं होळकरी शिकारगाह बघायला जातात. भर श्रावणात जायचं ते अळंब्यांसाठी आणि नवरंग पक्ष्यासाठी. इंदूरच्या वेशीवरचं हे १९८९ सालचं अभयारण्य, पुरतं अडीच चौरस किलोमीटरही नाही.

नवरंगाचं आधी सांगून टाकतो. पहाटे दोन सुरांची शीळ घालतो, पण दिसतो जमिनीवर, पाचोळा उलटताना. म्हणून झाडांच्या शेंड्यांकडे बघू नका. विणीच्या दिवसांत मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावणारे मला अजिबात सहन होत नाहीत. पिल्लांसाठी किडे शोधायचं सोडून तो बिचारा नसलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे धावतो. स्वर्गीय नर्तक, म्हणजे मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज, या खेपेला नाही दिसला.

मी अडकलो ते वाटेकडेच्या गवतात. ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या, वर तपकिरी खवले, देठाला कडं. शेजारून कुणीतरी म्हणालंच, "ही तर खायची अळंबी!" नव्हे, ही हिरव्या पट्ट्यांची विषारी अळंबी (Chlorophyllum molybdites). वारुळावरच्या खायच्या अळंबीचा देठ मुळासारखा निमुळता होत खाली वाळवीच्या बुरशीबागेपर्यंत, म्हणजे वाळवी वारुळात बुरशी वाढवते तिथपर्यंत, जातो आणि छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. इथे देठाचं बूड फुगीर, आणि तेही मातीत खोल न गेलेलं. फसवणूक कोवळेपणी होते: तेव्हा छत्रीखालच्या पट्ट्या पांढऱ्याच असतात, हिरवट पुढे होतात. ही खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब, आणि शिजवून विष जाईल याची खात्री नाही.

उपटायची गरज नाही, अभयारण्यात परवानगीही नाही. दाढीचा छोटा आरसा छत्रीखाली सरकवा. पट्ट्या, कडं, बूड असे तीन फोटो घ्या. नुसत्या वरून काढलेल्या फोटोवरून कुणीच खात्रीने नाव सांगू शकत नाही. आणि खालचं पान बघा. बीजाणू, म्हणजे अळंबीची भुकटीसारखी बारीक बी, आपसूक गळून तिथे साठतात. आम्हाला सागाच्या पानावर बुरसट हिरवी भुकटी मिळाली, बोटाला लागली तर पिस्त्याच्या पुडीसारखी. वारुळावरच्या अळंबीची भुकटी गुलाबीसर पडते.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढलात तर भिंगावर बाष्प धरतं. वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या.

परतताना पाहिलं तर कुणीतरी काठीने दोन छत्र्या उलथवून ठेवल्या होत्या. आता आरशाची गरजच नव्हती. मोठीच्या पट्ट्या शेवाळी हिरव्या, लहानीच्या अजून दुधासारख्या पांढऱ्या.