टाळूवरची गाठ आणि खालचा चट्टा

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत निफाडकडचा द्राक्षवाला बाग सोडून पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात येतो, तेव्हा घरात कुणीतरी चांगलंच घाबरलेलं असतं. त्या सकाळी लेक आणि सून आजींना घेऊन आले. घाबरलेले ते दोघं, आजी निवांत. सुनेने आल्या आल्या मोबाइल पुढे केला. टॉर्च मारून काढलेला आजींच्या तोंडातल्या टाळूचा फोटो होता. मधोमध मोठा गुलाबी उंचवटा आणि त्याच्या टोकावर लाल जखम.

"मॅडम, कॅन्सर आहे का? काय असेल ते मला बाहेर सांगा," लेक दबक्या आवाजात म्हणाला.

"मी बहिरी नाही रे," खुर्चीतून आजी.

गाठीवर बोट फिरवलं. सगळीकडून कठीण, जागची न हलणारी, बरोबर टाळूच्या मधल्या रेषेवर. पू झालेली गाठ दाबली की मऊ लागते. लाळेच्या ग्रंथींच्या गाठी बहुधा मधल्या रेषेच्या बाजूला येतात आणि हाडाइतक्या टणक नसतात. हे सरळ हाडच होतं, टोरस म्हणतात ते. तरुणपणी कधीतरी वाढायला लागतं आणि इतकं सावकाश वाढतं की माणसाला पत्ताच लागत नाही. बायकांमध्ये टाळूवरचं जास्त दिसतं. त्याचा कॅन्सर होत नाही. त्यावरची कातडी मात्र पातळ असते. चहाचा चटका बसला, कडक भाकरीचा काठ घासला, की तिथेच सोलवटतं. आजींना भाकरीच लागली होती. आरशात गाठ दाखवली तर म्हणाल्या, "ही होय? ही तर केव्हाची आहे."

कधी कधी असंच हाड खालच्या जबड्यातही येतं, जिभेच्या बाजूने, बहुतेक वेळा दोन्हीकडे. हे मी सांगत होते आणि लेकाची जीभ तोंडातल्या तोंडात चाचपायला लागली. त्यालाही होतं! पुष्कळदा हे घराण्यातच असतं, आणि दात आवळण्याच्या सवयीशीही त्याचा संबंध लावतात. "रात्रभर दात खातात हे," सुनेने लगेच तक्रार नोंदवली.

"मग आईची काढूनच टाका."

काही करायची गरज नाही, हे वाक्य पेशंटच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड. दाढ काढायची म्हटलं तर लोक मान डोलावतात. निघताना काहीच लिहून दिलं नाही, तर डॉक्टरला कळलेलं नाही असं समजतात.

आजींच्या बाबतीत काढायला एक कारण होतं, तेही खरं. वरची कवळी डब्यात पडून होती, कारण ती गाठीवर टेकून डुगडुगायची. कवळी बसत नसेल, पुन्हा पुन्हा जखम होत असेल किंवा बोलायला अडत असेल, तरच हे हाड काढतात. जागेवर भूल देऊन कातडी उघडायची, ड्रिलने हाडाचे तुकडे पाडायचे, छिन्नीने उडवायचे, घासून सपाट करायचं आणि टाके. घाई चालत नाही, कारण टाळूच्या वर लगेच नाकाचा तळ असतो.

मी औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला लावली. बीपीच्या गोळ्यांखाली आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची पट्टी निघाली, हाडं ठिसूळ झाली म्हणून कित्येक वर्षं चालू असलेली. या गोळीवर असताना जबड्याचं हाड कापलं, तर क्वचित ते भरत नाही, उघडंच राहून सडतं. निरुपद्रवी गाठीसाठी तो धोका मी पत्करणार नव्हते. नवीन कवळी करायची आणि टाळूचा मधला भाग मोकळा ठेवायचा, असं ठरलं.

मग नेहमीप्रमाणे खालचा ओठ, गाल ओढून पाहिले. खालच्या हिरडी आणि गालाच्या खाचेत पांढरट, सुरकुतलेला चट्टा, एका कडेला लाल झाक. कापसाने पुसून जाईना.

"तिथं मिश्री धरते मी," आजी सहज म्हणाल्या.

फोटो टाळूचे होते, ह्या जागेचा एकही नाही. दुखत नव्हतं ना! भाजलेल्या तंबाखूची ती पूड रोज एकाच जागी धरून झालेला हा चट्टा, आणि तपासणीला तुकडा पाठवायची गरज होती ती ह्याची. हे सांगितल्यावर लेक चिडलाच. "ज्याला घाबरलो ते काही नाही म्हणता, आणि ह्या डागाचा तुकडा काढता?" बाहेरचे पेशंट खोळंबले, पण त्याला समजावल्याशिवाय मी उठले नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पेशी मात्र किंचित बदलायला लागल्या होत्या. मिश्री बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. टाळूवरची जखम तेवढ्यात आपोआप भरून आली होती.

नव्या कवळीने आजी आता शेंगदाणेसुद्धा खातात. मिश्री सोडली, असं छातीठोक सांगतात. सून मात्र त्या वेळी खिडकीबाहेर बघते, म्हणून पुढची तारीख मी तिच्याच मोबाइलवर पाठवते.