विमान जाऊ दे, मग बोल

आमच्या घरात बोलणं मधेच तुटतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. 'अगं, काल ती भाजीवाल्यापाशी भेटली, म्हणत होती की...' इथवर येऊन आई गप्प होते. लाटणं पोळीवर तसंच. डोक्यावरून विमान जातं, मांडणीतले पेले किणकिणतात, शोकेसची सरकती काच थरथरते. मग जिथे सोडलं होतं तिथूनच, '...पोराचं लग्न ठरलंय.' लाटणंही तिथूनच पुढे. नव्या पाहुण्याला वाटतं, मधल्या शांततेत काहीतरी वाईट बातमी दडली असावी.

विलेपार्ले पूर्वेला, हनुमान रोडजवळच्या एका गल्लीत आमची तीन मजली जुनी इमारत आहे. पार्ल्याचा विषय निघाला की लोक हमखास बिस्किटांच्या वासावर येतात. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, वासही गेला. त्यावर हळहळून झालंय सगळ्यांचं. आवाजाबद्दल मात्र कोणी हळहळत नाही. तो गेलेला नाही ना!

त्या आवाजाच्या जोडीने एक अटही आली. विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्याला फनेल झोन म्हणतात. तिथे ठरावीक उंचीच्या वर बांधता येत नाही. मग रिडेव्हलपमेंटचं गणित जुळत नाही. आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी एखादा बिल्डर येतो, गच्चीवर जातो, आभाळाकडे बघतो आणि चहा पिऊन जातो. मागचा फणस अजून उभा आहे तो त्यामुळेच. गळणारी गच्चीही त्यामुळेच आहे, हे दुसऱ्या मजल्यावरच्यांना विचारा.

मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे पावसाळ्याच्या आगेमागे डागडुजीला दोन्ही एकदम बंद ठेवाव्या लागतात, बहुधा सकाळी ११ ते संध्याकाळी ५. त्या दिवशी तळमजल्यावरच्या काकूंना दुपारी डोळा लागत नाही. 'कान कसे ओकेबोके वाटतात गं,' म्हणत त्या पायरीवर येऊन बसतात.

२०२० च्या मार्चअखेरीस प्रवासी विमानं थांबली, तेव्हा तर दोन महिने अशी दुपार चालली. फणसावर इतके पक्षी बोलतात हे तेव्हा कळलं. बाबांना अजून एक गोष्ट कळली, आपल्याला मधे थांबावं लागत नाही. नोकरीतले किस्से ते आता अथपासून इतिपर्यंत, एका दमात सांगू लागले. पूर्वी विमान आलं की आई अलगद स्वयंपाकघरात सटकायची. ती सोय गेली. पुण्याची मावशी फोनवर म्हणाली, 'भावजींचा आवाज केवढा मोठा आहे!' तो पहिल्यापासूनच तेवढा होता. चाळीस वर्षं विमानाशी बोलून झालेला.

२५ मे रोजी देशांतर्गत विमानं पुन्हा सुरू झाली. मुंबईला दिवसाला फक्त २५ जाणारी, २५ येणारी. बाबा खुर्चीत बसून साहेबांच्या बदलीचा किस्सा सांगत होते. पेले किणकिणले, काच थरथरली. बाबांची थांबायची सवय मोडली होती. ते बोलतच राहिले. ओठ हलताना दिसत होते, हात साहेबांची नक्कल करत होते. विमान गेलं तेव्हा किस्सा संपला होता आणि ते आमच्या हसण्याची वाट बघत होते.

आई सगळ्यांत आधी हसली.