कप नाही, कटिंग

भाचा अमेरिकेत असतो, त्याला सध्या बेसबॉलचं वेड लागलंय. परवा कॉलवर सांगत होता की एखादा पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर, वर्षानुवर्षं खालच्या लीगमधे घासतो आणि मग मेजर लीगमधे, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधे, दोनचार मॅच खेळून परत जातो, त्याला तिकडे 'कप ऑफ कॉफी' म्हणतात. १९७१ साली ह्यूस्टनचा लॅरी याउंट तर पहिल्याच मॅचला वॉर्मअप करतानाच हात दुखला म्हणून एकही बॉल न टाकता बाहेर गेला, रेकॉर्डमधे नाव लागलं पण परत कधी मेजरमधे खेळलाच नाही!

म्हटलं अरे आमच्या डोंबिवलीच्या माणसाला कटिंग मिळाली ती ऐक. नीलेश कुलकर्णी, डावखुरा स्पिनर, मुंबईचा, फर्स्ट क्लासमधे साडेतीनशेच्या वर विकेटा, टेस्ट फक्त ३.

ऑगस्ट १९९७, कोलंबो, लंकेविरुद्ध त्याची पहिली टेस्ट. आपण ५३७ वर डिक्लेअर केलं होतं. रविवारी संध्याकाळी ह्याच्या हातात बॉल दिला आणि पहिल्याच बॉलला अटापट्टू कॅच मोंगिया! टेस्टमधल्या पहिल्या बॉलला विकेट घेणारा पहिला भारतीय. आमच्या चाळीत कुणीतरी फटाकेच लावले, गणपतीला ठेवलेले.

आणि मग जयसूर्या आणि महानामा. ५७६ ची पार्टनरशिप. लंकेने ९५२ केले, ह्याचे आकडे ७० ओव्हर, १९५ रन, १ विकेट. म्हणजे ४२० बॉल, पहिल्यावर विकेट, उरलेल्या ४१९ वर काही नाही. लोक अजून हसतात, पण ओव्हरला तीनच्या आत रन दिलेत त्याने, तेही त्या पिचवर, जयसूर्या ३४० करत असताना, हे कोणी बोलत नाही. त्याची शेवटची टेस्ट २००१ ला चेन्नईत, दुसऱ्या एंडने हरभजनने मॅचमधे १५ काढल्या, ह्याच्याकडे कोण बघणार.

भाचा म्हणाला मामा तू ते ४१९ बॉल बघितलेस? कसले बघतोय, सोमवार मंगळवार कामावर होतो. दोन्ही दिवस संध्याकाळी डोंबिवली फास्टमधे चढल्यावर रेडिओवाल्याला एकच विचारायचो, दुसरी पडली का रे? तो नुसतं एक बोट वर करायचा. मंगळवारी तर डोकंही वर केलं नाही त्याने, फक्त बोट.