तळं काठावर नाही, वरच्या अंगाला बिघडतं

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये पानांची कटकट सुरू होते. पाऊस यायच्या आत रस्त्याच्या कडेची पानं उचला! आपल्या अंगणातली एकवेळ राहू द्या, पण रस्त्याच्या कडेला एक पान नको. रविवारी सकाळी अख्खी गल्ली दाताळं घेऊन बाहेर. शेजारच्या निवृत्त बाई तर आभाळ भरून आलं की माझ्या दारासमोरच येऊन उभ्या राहतात. बोलत काही नाहीत, फक्त हसतात. त्या हसण्याचा मला भयंकर राग येतो.

कारण विचारलं तर ते पटण्यासारखं निघालं, हा आणखी ताप. भिजलेल्या पानातून फॉस्फरस, म्हणजे तलावातल्या शेवाळाला पोसणारं द्रव्य, असा उतरतो, जसा पुडीतून चहा. रस्त्यावरचं पावसाचं पाणी शुद्धीकरणाला जात नाही, थेट मेंडोटा तलावात पडतं. याच शहरातल्या रस्त्यांवर मोजमाप झालं आहे. वस्तीतल्या रस्त्यांवरून वर्षभरात जेवढा फॉस्फरस वाहून जातो, त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या पानगळीत जातो. हिरवळीवर फॉस्फरसचं खत टाकायला या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, २००५ पासून बंदी आहे, राज्यभर २०१० पासून. म्हणजे खत नाही, पानं नाहीत, आता श्वास तेवढा विचारून घ्यायचा राहिला.

बाईंनीच मला तलावाच्या एका बैठकीला ओढून नेलं. मत द्यायचा हक्क नाही, म्हणून मागे बसलो. भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर शहराची हद्दच नव्हती. होतं फक्त पाणलोट क्षेत्र: कुठल्या शेतावर पडलेला थेंब कुठून तलावात येतो ते. मेंडोटाच्या वरच्या अंगाला बहुतेक शेती, त्यात दुभती जनावरं भरपूर. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर शेण पसरलं की बर्फ वितळताना ते वाहून येतं. एक शेतकरी तडकून म्हणाला, घाण फक्त आमचीच का? शहरवाल्यांनी आपल्या पानांचा विषय काढला. तासभर हेच चाललं. पण शेवटी पैशाची गोष्ट निघाली. खालच्या गावांनी आणि सांडपाण्याच्या यंत्रणेनं पैसे एकत्र करायचे आणि ते वरच्या शेतांवर फॉस्फरस अडवायला खर्चायचे, अशी व्यवस्था इथे चालू आहे. ते ऐकून मी सरळ होऊन बसलो.

एवढं करूनही ऑगस्टमध्ये मेंडोटा हिरवागार होतो, वास मारतो, काठावर पोहायला बंदीच्या पाट्या लागतात. हे मी मुद्दाम सांगतोय. यांचे तलाव हिमनद्यांनी फुकट कोरून दिलेत. आपले नागपूरचे गोंड राजे आणि भोसल्यांच्या काळापासून माणसांनी बांधलेत. आणि मॅडिसननं आपलं सांडपाणी तलावांना वळसा घालून बाहेर काढलं ते १९५८ मध्ये. त्याच वर्षी आपल्या नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकीवर संशोधन करणारी ती संस्था उभी राहिली जिला आज नीरी म्हणतात. शास्त्र आपल्याकडे नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

पण मग आपला नागपूरचा अंबाझरी? १८७० चा तलाव, एकेकाळी शहराला पाणी पाजणारा. आपण त्याच्यावर प्रेम केलं ते काठाकाठानं. फुटाळा तलावावरही तसंच: चौपाटी, भुट्टा, रंगीत कारंजं. वर लाव्ह्याच्या टेकड्यांपासून वाडीपर्यंत काय बांधलं जातंय, कुठलं सांडपाणी कुठल्या नाल्यात सोडलंय, हे काहून विचारावं? मग जलपर्णी पसरली की तेवढी काढायची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, तेव्हा मावशीच्या घरात कंबरभर पाणी होतं. फ्रिज तरंगत होता. फोनवर ती म्हणाली, ‘तू तिकडे बरा आहेस.’ बरा आहेच. इथून पैसे पाठवले, नवा फ्रिज घेतला. तिथे असतो तरी पाणी थोडंच अडवलं असतं?

तरी परवा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, की अंबाझरीच्या पाणलोटाचा नकाशा छापून चौकाचौकात लावा, वाडी-हिंगण्याच्या लोकांना बोलवा, आणि बैठक पावसाळ्याआधी घ्या. काकांचं उत्तर लगेच आलं: ‘नकाशा मी लावतो. वाडीवाल्यांना चहापाणी तुझ्याकडून.’

चहाचे पैसे पाठवलेत. वाडी, लाव्हा, हिंगणा रोडकडचं कोणी वाचत असेल तर कळवा, तुमच्या घरामागचा नाला नेमका कुठे जातो?